‘मार्जो’ पाहण्याआधी आणि पाहिल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोंदू धर्मप्रचारक आणि त्याचा पश्चात्ताप हा विषय निघाला की मी लोकांना काल्पनिक सिनेमाआधी ‘मार्जो’ हा 1972 सालचा अमेरिकन माहितीपट बघायला सांगतो. बघून झाल्यावर जवळपास प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एकाच प्रश्नाचं उत्तर फार लांबलं आहे, कारण माझ्या मते सगळा माहितीपट त्या एका प्रश्नावरच उभा आहे.

हा माहितीपट नेमका कशाबद्दल आहे?

मार्जो गॉर्टनर नावाचा एक तरुण प्रचारक आहे. तो पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या सभांमधून प्रवचनं करतो, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, लोक खाली कोसळतात, रडतात, नाचतात आणि पैसे देतात. या कशावरही त्याचा विश्वास नाही. आता हे सगळं सोडायचं, पण सोडण्याआधी जगाला आतून दाखवायचं, असं तो ठरवतो. हॉवर्ड स्मिथ आणि सारा कर्नोकन हे दोन दिग्दर्शक 1971 मध्ये कॅमेरे घेऊन त्याच्या शेवटच्या दौऱ्यावर जातात. सभेत तो प्रचारक असतो. सभा संपली की हॉटेलच्या खोलीत बसून आज काय केलं, कसं केलं, हे समजावून सांगतो. साधारण 88 मिनिटांचा ऐवज आहे.

‘मार्जो’ हे खरं नाव आहे का?

हो. मेरी आणि जोसेफ, म्हणजे येशूचे आईवडील, या दोन नावांचे तुकडे जोडून आईवडिलांनी ते बनवलं. जन्म 1944 चा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. घरात धर्मप्रचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पाळण्यातच नावासकट धंदा ठरलेलं हे मूल होतं.

तो बालप्रचारक होता म्हणजे काय? लहान मुलाला प्रवचन कसं जमेल?

पाठांतर. आईवडील त्याच्याकडून लांबच लांब प्रवचनं शब्दाशब्दानं घोटून घेत. कुठे आवाज चढवायचा, कुठे हात वर करायचा, कुठे थांबायचं, तेही बसवलेलं असे. चौथ्या वर्षी त्याला प्रचारकाची दीक्षा दिली गेली आणि त्याच वयात त्यानं एका जोडप्याचं लग्न लावलं. वृत्तपटाच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं आणि देशभर त्याचा गवगवा झाला. पांढऱ्या सुटातलं, कुरळ्या केसांचं चिमुरडं पोर मोठ्या माणसासारखं गरजतंय, ही चित्रफीत माहितीपटाच्या सुरुवातीलाच येते.

पाठ चुकला तर काय व्हायचं, हे तो मोठेपणी कॅमेऱ्यासमोर सांगतो. आई मारत नसे, कारण दुसऱ्या दिवशी वार्ताहरांसमोर उभं राहायचं असे आणि अंगावर वळ दिसून चालणार नव्हतं. त्याऐवजी ती तोंडावर उशी दाबायची किंवा डोकं नळाखाली धरायची. हे तो अगदी सहज सांगतो. त्या सहजपणाचीच मला जास्त धास्ती वाटते. या माणसाला भामटा म्हणण्याआधी हा प्रसंग लक्षात ठेवावा, इतकंच माझं म्हणणं आहे. त्यानं हा धंदा निवडला नव्हता. त्याच्या नावावर तो चालवला गेला होता.

पैसे किती मिळाले आणि गेले कुठे?

त्याचा स्वतःचा अंदाज असा, की तो सोळा वर्षांचा होईपर्यंत कुटुंबानं सुमारे 30 लाख डॉलर जमवले. मग वडील ते पैसे घेऊन निघून गेले. पोराच्या हाती काहीच लागलं नाही. काही वर्षं तो या सगळ्यापासून लांब राहिला आणि विशीत खिसा रिकामा झाला तेव्हा येत असलेल्या एकमेव कामाकडे परतला. या वेळी रॉक गायकांच्या हालचाली उचलून त्यानं मंचावरचा अवतारही बदलला. वर्षातले सहा महिने सभा घ्यायच्या आणि उरलेले सहा महिने त्या कमाईवर जगायचं, असा त्याचा क्रम होता.

या सभा म्हणजे काय? चर्चमधली नेहमीची उपासना वेगळी का?

वेगळी. ‘रिव्हायव्हल’ सभा म्हणजे विझत आलेली श्रद्धा पुन्हा पेटवण्यासाठी बाहेरच्या प्रचारकाला बोलावून भरवलेली सभा. कधी चर्चमध्ये, कधी तंबूत, ओळीनं काही रात्री. पेंटेकोस्टल परंपरेत पवित्र आत्मा माणसात प्रत्यक्ष उतरतो अशी श्रद्धा आहे. तिचा आधार बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय, आणि तिच्या आधुनिक प्रसाराची सुरुवात लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर 1906 मध्ये विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय प्रचारकानं चालवलेल्या सभांपासून धरतात. अन्य भाषांत बोलणं (म्हणजे भारावून कुणालाच न कळणारे शब्द उच्चारणं), हात लागताच कोसळणं, नाचणं हे सगळं तिथं उपासनेचा भाग आहे. अनोळखी प्रेक्षकाला ते विचित्र वाटतं. आपल्याला अनोळखी आहे म्हणून ते खोटं ठरत नाही, हे माहितीपट बघताना सतत स्वतःला सांगावं लागतं.

मग लोक खाली पडतात ते नाटक असतं का?

नाही. मार्जोच्या कबुलीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. नाटक एकटा तो करत होता, समोरचे लोक करत नव्हते.

अन्य भाषांबद्दल विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञानं योगायोगानं त्याच वर्षी, 1972 मध्ये, मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांना दिसलं, की ही बोली बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतल्या ध्वनींतूनच बनते आणि तिला भाषेसारखं अर्थ वाहणारं व्याकरण नसतं. तरीही त्यांनी ती वेडेपणा किंवा ढोंग मानली नाही. ती शिकता येते आणि बोलणाऱ्याला तिचा खोल अर्थ जाणवतो. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं. अन्य भाषांत बोलताना त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली, आणि त्या भागाचा जाणीवपूर्वक नियंत्रणाशी संबंध आहे. म्हणजे ‘आपण बोलत नाही, आपल्याकडून बोललं जातंय’ हे त्यांचं सांगणं त्यांच्या अनुभवाला धरूनच होतं. ही पाहणी लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नये.

अनुभव खरा आणि तो घडवून आणणारा खोटा, अशी ही जोडी आहे. सभेतल्या माणसांना हसण्यासाठी हा माहितीपट कुणी बघत असेल तर त्यानं तो उलटा वाचला.

तो कोणकोणत्या युक्त्या उघड करतो?

कपाळावर खास शाईनं क्रूस काढायचा, घाम फुटला की तो उमटतो आणि लोकांना चमत्कार दिसतो. ही युक्ती सगळ्यांच्या लक्षात राहते, पण ती दुय्यम आहे. खरी युक्ती वेळेची. संगीत कधी चढवायचं, कुणाला आधी पुढे बोलवायचं, सभा टिपेला पोचली की अर्पणाची थाळी केव्हा फिरवायची. आकड्याची सुरुवात वरून करायची आणि हळूहळू खाली यायचं, म्हणजे शेवटी नोट देणाऱ्यालाही आपण मागे राहिलो नाही असं वाटतं. चित्रीकरण करणाऱ्यांना तो आधीच सांगून ठेवतो, की अमुक घडायला लागलं म्हणजे पुढे तमुक होणार, तेव्हा कॅमेऱ्यात नवी फिल्म भरलेली ठेवा. पवित्र आत्म्याचं आगमन वेळापत्रकात बसवलेलं ऐकताना अंगावर काटा येतो. खोलीत परतल्यावर पलंगावर नोटा ओतून तो मोजतो, ते दृश्य तर कुणीच विसरत नाही.

चित्रीकरण लपूनछपून केलं होतं का?

कॅमेरे उघड होते. लपवला होता तो हेतू. आपल्या लाडक्या प्रचारकावर काहीतरी चांगलं बनतंय, असं चर्चमधल्या मंडळ्यांना वाटत होतं. चित्रीकरण करणारी मंडळी न्यूयॉर्कची, पोरसवदा, बेफिकीर वळणाची. म्हणून मार्जो त्यांना आधी खोलीत बसवून धडे देतो: सिगारेट ओढायची नाही, मुलींशी सलगी करायची नाही, कुणी ‘तुमचं तारण झालं का’, म्हणजे पापांतून सुटका झाली का, असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं. इथे माहितीपट बनवणारेही त्या फसवणुकीत सामील होतात. दिग्दर्शकांनी हा प्रसंग कापला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण त्यामुळे त्या सभांमधली माणसं दोनदा फसली, एकदा मंचावरून आणि एकदा कॅमेऱ्यातून, ही गोष्ट काही मिटत नाही.

ही कायद्यानं फसवणूक ठरत नाही का?

अमेरिकेत हे फार नाजूक प्रकरण आहे. मार्जोच्या जन्माच्याच वर्षी, 1944 मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बॅलार्ड’ या खटल्यात निर्णय दिला, की एखादी धार्मिक शिकवण खरी की खोटी हे ज्यूरीनं ठरवायचं नाही. सांगणाऱ्याचा स्वतःचा तिच्यावर प्रामाणिक विश्वास होता का, एवढाच प्रश्न उरतो. आता मनात काय होतं हे सिद्ध कसं करायचं? म्हणून अशी प्रकरणं सहसा दुसऱ्या वाटेनं पकडली जातात. दूरचित्रवाणीवरचे प्रचारक जिम बेकर यांना 1989 मध्ये शिक्षा झाली ती चमत्कारांसाठी नव्हे. धार्मिक सहलकेंद्रातल्या मुक्कामाचे हक्क त्यांनी जागेपेक्षा कितीतरी जास्त लोकांना विकले होते. शिक्षा 45 वर्षांची होती, पुढे ती बरीच कमी झाली आणि 1994 मध्ये ते सुटले.

हे लक्षात घेतलं की मार्जोच्या कबुलीचं वजन कळतं. न्यायालयाला जे बाहेरून शोधणं जवळजवळ अशक्य, ते हा माणूस आपण होऊन सांगतो: माझा विश्वास नव्हता.

त्याचा पश्चात्ताप खरा आहे का?

हाच तो प्रश्न.

त्याच्या बाजूनं बरंच बोलता येतं. तो पकडला गेला नव्हता. धंदा जोरात होता, वय कोवळं होतं, आणखी वीस वर्षं नोटा मोजता आल्या असत्या. या माहितीपटानंतर परतीची वाट बंद होणार हे त्याला ठाऊक होतं, किंबहुना ती बंद व्हावी म्हणूनच त्यानं हे केलं. आपण मंचावरच्या त्या नशेला चटावलेलो आहोत, हेही तो लपवत नाही. व्यसनी माणूस घरातली बाटली फोडतो तसं हे आहे.

पण त्याला मंचावर बघा. शेवटच्या दौऱ्यात, सगळं ठरलेलं असताना, तो अर्धवट मनानं काम करत नाही. पूर्ण ताकदीनं, देखण्या लयीत, घामाघूम होऊन करतो. कॅमेऱ्यासाठी लोकांना पाडतो, रडवतो, आणि त्या रात्रीचे पैसेही घेतो. पुन्हा, सोडल्यानंतर त्याला जायचं होतं अभिनयात, आणि हा माहितीपट त्यासाठीची उत्तम ओळखपत्रिका होती. कबुली आणि अभिनयाची चाचणी एकाच फिल्मवर मुद्रित झाली आहे. म्हणून काही जण म्हणतात, की हीसुद्धा त्याची आणखी एक सभा, फक्त श्रोते बदलले.

मला हे पूर्ण पटत नाही. हेतू मिसळलेला असला म्हणून कबुली खोटी होत नाही. शंभर टक्के शुद्ध हेतूची वाट पाहत बसलं तर कुणीच कधी काही कबूल करणार नाही. माझी अडचण वेगळी आहे: त्यानं कबुली दिली कुणाला? माझ्यासारख्या, थाळीत एकही नाणं न टाकलेल्या प्रेक्षकाला. ज्या बाईनं औषधाचे पैसे थाळीत टाकले असतील तिला नाही. ज्या पुस्तकातून तो आयुष्यभर बोलला त्यातच लूकच्या शुभवर्तमानात, एकोणिसाव्या अध्यायात, जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. तो येशूसमोर उभा राहून म्हणतो, माझं अर्धं धन मी गोरगरिबांना देतो, आणि ज्या कुणाला फसवून काही घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. मार्जोला हा उतारा पाठ असणार. माहितीपटात त्याचा मागमूस नाही.

वाल्याची गोष्टही इथे आठवते. मारलेल्या माणसांच्या खड्यांनी भरलेले रांजण आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. वाल्याचा वाल्मीकी होतो आणि गोष्ट पुढे जाते. खडे रांजणातच राहतात. सुधारलेल्या पाप्याच्या गोष्टीत आपण पाप्याकडेच बघतो, ही सवय जुनी आहे. ‘मार्जो’नं ती मला पहिल्यांदा टोचली.

याचा परिणाम काय झाला? चर्चवाल्यांनी विरोध केला का?

मार्च 1973 मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला. दोन्ही दिग्दर्शकांचा हा पहिलाच सिनेमा, आणि कर्नोकन तर चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांच्या होत्या. पण ज्या दक्षिणेकडच्या राज्यांत या सभांचा सगळ्यात जास्त जोर, तिथे खळबळ उडेल या भीतीनं वितरकांनी तो नेलाच नाही. आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहराच्या दक्षिणेला तो पोचला नाही. म्हणजे ज्यांनी बघायला हवा होता त्यांच्यापर्यंतच कबुली गेली नाही. मघाशी म्हटलेल्या अडचणीचा अर्धा दोष या वितरकांच्या पदरात घालायला हवा.

नंतर असे प्रकार थांबले का?

नाही. 1986 मध्ये जेम्स रँडी या जादूगारानं पीटर पॉपॉफ या प्रचारकाचं बिंग फोडलं. पॉपॉफ अनोळखी माणसांची नावं, आजार, पत्ते ‘ईश्वरी प्रेरणेनं’ सांगत असत. रँडीच्या माणसांनी रेडिओ तपासणीचं यंत्र सभेत नेलं, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्‌झवर पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज सापडला. लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या त्या नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवत होत्या. हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर वाजवलं गेलं, पुढच्या वर्षी पॉपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा पडद्यावर आले. उघडं पडणं आणि आपण होऊन उघडं होणं यात किती फरक आहे, ते या दोघांना शेजारी ठेवलं की दिसतं.

मधली अनेक वर्षं हा माहितीपट मिळत का नव्हता?

हरवला होता. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या एका फिल्म लॅबच्या साठ्यात कर्नोकन यांना त्याची मूळ निगेटिव्ह सापडली. दुरुस्ती होऊन 2005 मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला आणि 2006 मध्ये डीव्हीडी निघाली.

याच विषयावर एखादा काल्पनिक, स्वतंत्रपणे बनवलेला सिनेमा सुचवाल?

रॉबर्ट डुव्हाल यांचा 1997 चा ‘द अपॉसल’. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका त्यांचीच, आणि कुठलाच स्टुडिओ पैसे घालेना म्हणून साधारण 50 लाख डॉलरही स्वतःचेच. खरे प्रचारक आणि साधी माणसं त्यात भूमिकांमध्ये आहेत. त्यातला प्रचारक मार्जोच्या बरोबर उलट आहे: श्रद्धा शंभर नंबरी, हातून गुन्हा मात्र भयंकर. तो पळतो, नाव बदलतो, दुसऱ्या गावात नवं चर्च उभारतो. ‘मार्जो’ आधी आणि ‘द अपॉसल’ नंतर, असाच क्रम ठेवा. विश्वास नसलेल्या माणसाच्या तोंडचे शब्द ऐकून झाले की तेच शब्द विश्वास असलेल्याच्या तोंडून ऐकताना कान वेगळे झालेले असतात.

मार्जोचं पुढे काय झालं?

तो खरोखरच अभिनयात गेला. 1974 च्या ‘अर्थक्वेक’मध्ये होता, पुढे विज्ञानकथांवरच्या सिनेमांत आणि मालिकांत दिसला. ऐंशीच्या दशकात ‘फाल्कन क्रेस्ट’ या मालिकेत तर त्यानं मृतात्म्यांशी बोलणारा भामटा रंगवला. मोठा नट तो झाला नाही. त्याची सगळ्यात ताकदीची कामगिरी या माहितीपटातच आहे आणि तिथे तो अभिनय करतोय की नाही हेच कळत नाही.

एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. नोव्हेंबर 1973 मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम मैदानात गुरू महाराज जी या भारतीय धर्मगुरूंच्या अनुयायांचा मोठा मेळावा झाला, तेव्हा एका मासिकानं वार्तांकनासाठी मार्जोला पाठवलं. ते गुरू त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. एकेकाळी चार वर्षांचा प्रचारक असलेला माणूस हातात वही घेऊन प्रेक्षकांत बसला होता.

उतारवयात त्यानं नामवंतांना जमवून क्रीडास्पर्धा भरवल्या आणि त्यातून धर्मादाय संस्थांसाठी निधी उभा केला. सभेतून पैसे काढण्याची कला अखेर तिथे कामी आली. जक्कयच्या बोलण्यातला अर्धा भाग म्हणा हवं तर. चौपट परत करण्याचा भाग राहिलाच.

मुलांबरोबर बघता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. आईनं केलेल्या छळाचं वर्णन आहे, भाषाही मोकळी आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर जरूर बघा.

बघताना कशाकडे लक्ष द्यावं?

पहिल्यांदा बघाल तेव्हा नजर मार्जोवरून हलणार नाही, इतका तो ओढून घेतो. दुसऱ्यांदा बघा तेव्हा त्याला सोडून द्या आणि मागच्या रांगांकडे बघा: डोळे मिटलेल्या म्हाताऱ्या, पाकीट उघडून आत बोटं घालणारे पुरुष, आईच्या कडेवरून सगळं टक लावून पाहणारी पोरं. त्यांची नावं पडद्यावर कुठेच येत नाहीत.